चित्रकाराची नजर

शास्त्रज्ञाचे चरित्र कलाशाखेच्या विद्यार्थ्याने का लिहावे? कारण सान्तियागो रामोन इ काहाल यांना व्हायचे होते चित्रकार! १८५२ साली स्पेनमधील एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. डॉक्टर असलेल्या वडिलांना मुलाचे हे वेड पसंत नव्हते. त्यांनी त्याला न्हाव्याकडे, चांभाराकडे कामाला ठेवले. शेवटी तो डॉक्टर झाला.

१८८७ साली माद्रिदमध्ये काहाल यांनी गोल्जी यांच्या पद्धतीने रंगवलेले मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. या पद्धतीत पिवळसर पार्श्वभूमीवर मोजक्याच पेशी काळ्या उमटतात. पण रंग कधी साधे, कधी फसे. काहाल यांनी चांदीच्या क्षाराची प्रक्रिया दोनदा केली, भ्रूणांचे व पिलांचे मेंदू घेतले. एकाच पेशीचा तंतू टोकापर्यंत सलग दिसावा, यासाठी ही धडपड. मग ते हाताने चित्र काढीत. मज्जापेशी सुट्या असतात, हे त्यातून दिसले. गोल्जी मात्र अखंड जाळेच मानीत. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांत विभागले गेले. १९३४ साली काहाल निवर्तले.

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. बी. ए. होऊन काय उपयोग, असे गावात विचारतात. वडिलांनी निरुपयोगी ठरवलेला चित्रकाराचा हातच काहाल यांच्या कामी आला, एवढे मी त्यांना सांगेन.