शंकर पुरुषोत्तम आघारकर

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापातामुळे काळ्या खडकात पडलेल्या विवरात वसले आहे. विवराच्या कडेला गोड्या पाण्याची धार वाहते. परंतु तेच पाणी खाली सरोवरात उतरले म्हणजे खारे होते, कारण तेथून त्याला बाहेर जाण्यास वाट नाही. पाणी वाफ होऊन उडते, क्षार मागे राहतात. २०२० च्या जून महिन्यात हे हिरवे सरोवर एकाएकी गुलाबी दिसू लागले. प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आणि पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासण्यात आले. ज्यांचे नाव या संस्थेला दिले आहे, त्यांना दिवंगत होऊन तेव्हा साठ वर्षे होत आली होती.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून ते तेथेच जीवशास्त्र शिकवू लागले. तथापि पुस्तकी ज्ञानावर त्यांचे समाधान होत नसे. सह्याद्रीत हिंडून ते वनस्पती व जलचर गोळा करीत. अशाच भ्रमंतीत, नदीच्या गोड्या पाण्यात, त्यांना छत्रीच्या आकाराचा एक लहानसा पारदर्शक जीव आढळला. तो जेलीफिश होता! मालवणच्या किनाऱ्यावर जेलीफिश दिसणे नवलाचे नाही. पण समुद्रापासून दूर, घाटातल्या नदीत? या जातीचे भाईबंद तोवर केवळ आफ्रिकेत, टांगानिकासारख्या विशाल गोड्या सरोवरात, ठाऊक होते. १९१२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला.

पुढे कलकत्ता विद्यापीठाने त्यांना वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक नेमले. उच्च अभ्यासासाठी ते जर्मनीत असतानाच पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन म्हणून त्यांना तेथे बंदिवास घडला. सुटका झाल्यावर त्यांनी बर्लिन येथे डॉक्टरची पदवी मिळविली आणि मायदेशी परतून कलकत्त्यास दीर्घकाळ अध्यापन केले. निवृत्तीच्या वयात माणसे विसावा शोधतात. आघारकरांनी १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली व २ सप्टेंबर १९६० रोजी निधन होईपर्यंत ते तिचे संचालक होते. १९९२ पासून तिच्या संशोधन संस्थेला त्यांचे नाव आहे. (समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर ते निराळे.)

पाण्याचे आरोग्य नुसत्या रंगावरून कळत नाही. त्यात कोण जगते, हे पाहावे लागते. मृत जीव कुजले की त्यांतील नत्र अमोनियाच्या रूपाने पाण्यात येते. गोड्या सरोवरात काही जंतू त्याचे नायट्रेट बनवितात आणि ते वनस्पतींच्या उपयोगी पडते. लोणारच्या तीव्र क्षारयुक्त पाण्यात मात्र अमोनियाचा मोठा भाग माशांना विषारी अशा रूपातच राहतो. अशा पाण्यात गावाचे सांडपाणी उतरले, तर नत्राचा भार आणखी वाढतो. म्हणूनच तेथील प्रत्येक बदल काळजीने तपासावा लागतो.

पुण्याच्या शास्त्रज्ञांना त्या नमुन्यांत खारप्रिय सूक्ष्मजीव आढळले. पाणी आटून क्षार वाढले, तेव्हा त्यांची संख्या वाढली आणि त्यांच्या अंगच्या रंगद्रव्याने सरोवर गुलाबी दिसू लागले. पावसाने पाण्याची पातळी चढली, तसा तो रंग ओसरला.