शाळामास्तरांची अंतराळयाने

कल्पित कथेतील आकाशयानाचे वर्णन वाचून आपणही तसे एखादे नवे यान रेखाटावे, ही हौस लोणी काळभोरच्या आपल्या विद्यार्थ्यांसही असते. वहीच्या शेवटच्या पानावरील असली चित्रे पाहून पालक रागावतात. परंतु अशाच हौसेस अभ्यासाची जोड मिळाल्यास केवढे कार्य घडते, हे कॉन्स्टंटीन त्सिओल्कोव्हस्की यांच्या चरित्रावरून दिसून येईल.

त्यांचा जन्म १८५७ साली रशियातील इझेव्हस्कोये या खेड्यात झाला. दहाव्या वर्षाच्या सुमारास कडक ज्वर येऊन त्यांची श्रवणशक्ती बहुतांशी गेली आणि तेराव्या वर्षी मातृछत्र हरपले. शाळा अर्ध्यावर सुटली. तथापि ज्ञानाची तहान सुटली नाही. सोळाव्या वर्षी ते मॉस्कोस गेले व काळ्या पावावर दिवस कंठून तीन वर्षे ग्रंथालयात स्वतःच गणित व पदार्थविज्ञान शिकले. १८७९ मध्ये शिक्षकाची परीक्षा उतरून ते प्रथम बोरोव्हस्क येथे व १८९२ पासून कालुगा येथे अध्यापन करू लागले.

फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न यांच्या कथांनी त्यांस वेड लावले होते. व्हर्न यांनी १८६५ च्या कादंबरीत नऊशे फूट लांबीच्या तोफेतून माणसे चंद्राकडे धाडली आहेत. मास्तरांनी कथेचा आनंद तर घेतलाच. पण तिचे गणितही मांडले. त्या एका प्रचंड धक्क्याने आतील माणसे जिवंत राहणार नाहीत, हे त्यांस उमगले. मग वेग हळूहळू वाढवावा कसा? दिवाळीतील बाण मागे वायू सोडून पुढे धावतो, ते तत्त्व त्यांनी हाती घेतले. १८८३ मध्ये त्यांनी अशा यानाचे चित्र काढले. १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, यानाचा वेग बाहेर पडणाऱ्या वायूंच्या वेगावर व इंधनाच्या प्रमाणावर कसा अवलंबून असतो, ते दाखवून द्रवरूप हायड्रोजन व प्राणवायू हे इंधन सुचविले.

मार्ग सुखाचा नव्हता. लोक त्यांस विक्षिप्त समजत. १९०८ साली ओका नदीच्या पुरात त्यांचे कागद व नमुने नष्ट झाले. तरी लेखणी थांबली नाही. १९२० मध्ये पूर्ण छापलेल्या त्यांच्या कादंबरीत निरनिराळ्या देशांचे शास्त्रज्ञ हिमालयात जमून अग्निबाण बांधतात, ही गोष्ट आपणा भारतीयांस विशेष कौतुकाची वाटेल. १९२९ मध्ये त्यांनी एकामागून एक गळून पडणाऱ्या अग्निबाणांच्या आगगाडीची योजना मांडली, आणि पंचाहत्तरी उलटल्यावर एका चित्रपटासाठी अंतराळप्रवासाच्या चित्रांची वही काढून दिली. तो चित्रपट १९३६ मध्ये प्रदर्शित झाला. मास्तर १९३५ सालीच निवर्तले होते.

त्यांनी स्वतः एकही अग्निबाण आकाशात सोडला नाही. परंतु १९५७ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, रशियाचा पहिला कृत्रिम उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला. आणि २०२३ मध्ये चांद्रयान-३ नेणाऱ्या भारतीय अग्निबाणाच्या अखेरच्या टप्प्यात द्रवरूप हायड्रोजन व प्राणवायूच जळत होते.

विद्यार्थी मित्रहो, याने अवश्य रेखाटा. मात्र त्यात माणूस बसला तर तो जिवंत पोहोचेल काय, याचा हिशेब शेजारच्या पानावर करा. आणि पालकांनीही ती वही फेकण्यापूर्वी एकवार उघडून पाहावी.