पाठीवर हात ठेवणारे टिळक

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली. मोठ्या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. पण ज्यांनी दुसऱ्याला लिहिते-बोलते केले, अशा एका थोर पुरुषाची आठवण भगिनींना करून द्यावी, असे मनात आले. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

फुलामुलांचे कवी म्हणून आपण त्यांना शाळेपासून ओळखतो. त्यांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. आईला कवितेची आवड होती, पण ती टिळक लहान असतानाच वारली. पुढे ते नाशिकला शिकले. तिथल्या जवळच्या जलालपूरची अकरा वर्षांची मुलगी त्यांची पत्नी झाली. याच त्या लक्ष्मीबाई. सासरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. टिळकांनी त्यांना वाचायला शिकवले. शिकवताना ते चिडत, रागावत. स्वभाव तापट, हाती पैसा ठरत नसे, घरची वस्तू उचलून कोणालाही देऊन टाकीत. असा माणूस संसारात किती अवघड, हे आपल्याला सांगायला नको!

1893 साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थांनी त्यांना बायबलचा नवा करार वाचायला दिला. दोन वर्षे विचार करून 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळी हे पाऊल म्हणजे घरावर वीज पडण्यासारखेच होते. नातलग तुटले. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन जवळजवळ पाच वर्षे दूर राहिल्या. पुढे त्या पतीकडे आल्या, त्याही आपले सोवळे सांभाळूनच. विचार करता करता त्यांचे मन आपोआप पालटले आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांची भक्ती आपल्या मातीतली होती. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते मानीत. ख्रिस्ती उपासनेसाठी त्यांनी मराठी भजने रचली, कीर्तने केली. पण त्यांची खरी उपासना मला दिसते ती माणसाला धीर देण्यात. बायबलात बर्णबा नावाच्या एका शिष्याची कथा आहे. प्रेषितांनी त्याला ठेवलेल्या या नावाचा अर्थच धीर देणारा असा सांगतात. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा शौल स्वतः ख्रिस्ती झाला, तेव्हा त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीना. बर्णबाने त्याचा हात धरून त्याला सर्वांपुढे नेले. टिळकांनी हेच आपल्या घरात केले.

1907 साली जळगावला कविसंमेलन भरले होते. तिथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे या मुलाने कविता म्हटली आणि त्याला बालकवी हे नाव मिळाले. अशा मुलाला शाबासकी देऊन लोक आपापल्या घरी जातात. टिळकांनी त्याला आपल्या घरी नेले. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, तो त्यांच्या घरचाच झाला. मुलगा लहरी, पण त्याचे लहरीपण टिळकांनी सांभाळले. तो शेवटपर्यंत हिंदूच राहिला. धीर देताना टिळकांनी त्याच्याकडून काही मागितले नाही, हे मला फार मोठे वाटते.

इथे एक गोष्ट बायकांच्या लक्षात आल्यावाचून राहणार नाही. पाहुण्याला बोलावले टिळकांनी, पण रोज ताट वाढले लक्ष्मीबाईंनी. त्यांची माया नसती तर नुसत्या कौतुकाने त्या मुलाचे पोट भरले नसते.

5 मे 1918 रोजी बालकवी रेल्वेच्या अपघातात गेले. त्यानंतर वर्षाने, 9 मे 1919 रोजी, टिळकांनी मुंबईत देह ठेवला. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे मोठे काव्य दहा-अकरा अध्यायांवरच थांबले होते. पुढचे 64 अध्याय कोणी लिहिले? ज्यांना एके काळी अक्षरओळख नव्हती, त्या लक्ष्मीबाईंनी! 1934 पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ निघाली. त्यात त्यांनी पतीचा राग आणि प्रेम, दोन्ही हसत हसत सांगितले आहे. टिळकांनी लावलेले रोप त्यांच्या मागे असे बहरले.

भगिनींनो, धीर द्यायला पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही, आणि स्वभाव निर्दोष असावा लागतो असेही नाही. आपल्यापैकी एखादी चांगले गाते, पण घरात तिला कोणी गा म्हणत नाही. एखादीच्या सुनेला पुढे शिकायचे आहे. एखादी सभेत बोलायला उठते आणि पुन्हा खाली बसते. अशीच्या पाठीवर हात ठेवावा. आणि त्या दिवशी तिच्या वाटचे काम उरले असेल, तर तेही आपण करावे. टिळकांच्या घराने मला शिकवले ते एवढेच.