डेव्हींची प्रज्योत आणि वेल्डरचे डोळे

रस्त्याकडेच्या दुकानात लोखंडी गेट जोडताना जो निळसर-पांढरा झगमगाट दिसतो, त्याचा एक मूळ धागा दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये सापडतो.

हम्फ्री डेव्ही यांचा जन्म १७७८ मध्ये कॉर्नवॉलमधील पेन्झान्स गावी झाला. वडील लाकडावर कोरीव काम करत. ते गेल्यावर हम्फ्री गावातल्या शल्यवैद्याकडे उमेदवारीला राहिले. पुढे ब्रिस्टलमध्ये, वायूंनी रोग बरे होतात का हे तपासणाऱ्या संस्थेत ते रुजू झाले. वायू ते स्वतःच हुंगून पाहत. कार्बन मोनॉक्साइड असलेल्या एका वायूने तर त्यांचा जीवच जायची वेळ आली होती. नायट्रस ऑक्साइडने मात्र दाढेची ठणक थांबली. शस्त्रक्रियेत हा वायू उपयोगी पडेल, असे त्यांनी १८०० मध्ये ग्रंथात सुचवले. वैद्यकाने चार दशके तिकडे लक्ष दिले नाही आणि रुग्ण वेदना सोसत राहिले.

१८०१ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आले. दोन हजार जोडपट्ट्यांच्या बॅटरीला कोळशाचे दोन तुकडे जोडून ते किंचित दूर केले, की मधे लखलखीत प्रज्योत उभी राही. तिच्यात प्लॅटिनमसुद्धा वितळे. १८८० च्या दशकात बेनार्दोस आणि ओल्शेव्स्की यांनी अशाच प्रज्योतीने धातू जोडण्याचे पेटंट घेतले. गॅस वेल्डिंगचा ॲसिटिलीन वायूही १८३६ मध्ये डेव्हींच्याच चुलतभावाला, एडमंड यांना, सापडला.

१८१२ मध्ये नायट्रोजन ट्रायक्लोराइडचा स्फोट होऊन काच डेव्हींच्या डोळ्यात घुसली. लिहिण्यासाठी मदतनीस लागला. तो तरुण म्हणजे मायकेल फॅरेडे. डोळा सावरला, पण प्रकृती पुढे ढासळत गेली. १८२९ मध्ये, वयाच्या ५०व्या वर्षी, जिनिव्हात त्यांचे निधन झाले.

प्रज्योतीचा धोका आजही तोच आहे. तिच्यातील अतिनील किरण डोळ्याचा पारदर्शक पडदा भाजतात. त्रास लगेच नाही, काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होतो: डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते, उजेड सोसत नाही. अशा वेळी डोळे चोळू नयेत, बधिर करणारे थेंब मनाने घालू नयेत, नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. साधा गॉगल पुरेसा नाही, वेल्डिंगचा काळा मुखवटाच हवा. तो शेजारी उभ्या मदतनिसालाही हवा.