लोखंडी नांगराचे लक्ष्मणराव

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर गावी झाला. मुंबईस चित्रकला शिकत असता त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळले. रंग सोडून त्यांनी यंत्रांची रेखाचित्रे धरली आणि पुढे तोच विषय शिकविला. आम्हां शिक्षकांना याचा अभिमान वाटतो.

नोकरी सोडून ते बेळगावास आले. सायकली विकल्या, वैरण कापण्याचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर. पण लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. वाचकहो, उसाच्या मळ्यात राबणारे आपले पणजोबाही बहुधा तसेच म्हणाले असते.

आज अबू धाबीच्या अल रीम बेटावर सोर्बोन विद्यापीठ आहे. तेथे तेलाचा पैसा विद्येत घातला जातो. लक्ष्मणरावांजवळ पैसा कुठला? औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या ओसाड जमिनीवर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले.

१९५६ साली लक्ष्मणराव वारले, तेव्हा किर्लोस्करांच्या कारखान्यांत तेलावरची इंजिने व विजेच्या मोटारी तयार होत होत्या.