आइन्स्टाईनचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जननं ॲसिडिटीवरचा इलाज शोधला, तोही भलत्याच ऑपरेशनमधून

जेवून आडवं झालं की छातीत जळजळ आणि घशाशी आंबट पाणी. यावर गोळ्या घेणारे घरोघरी सापडतील. पण काहींचा त्रास वर्षानुवर्षं गोळ्या घेऊनही जात नाही. अशा काही रुग्णांवर आता पोटावर एकही छेद न देता, तोंडावाटे एंडोस्कोप घालून उपचार करता येतात. या उपचारामागची मूळ कल्पना मात्र जुनी आहे. ती देणाऱ्या सर्जनचं नाव रुडॉल्फ निसेन.

निसेन यांचा जन्म १८९६ चा, तेव्हाच्या जर्मनीतल्या नायसे गावातला. आज हे गाव पोलंडमध्ये आहे. वडीलही सर्जन. पहिल्या महायुद्धात निसेन वैद्यकीय तुकडीत होते, तिथं त्यांच्या फुप्फुसाला जखम झाली. पुढं फर्डिनांड झाउरब्रुख या नावाजलेल्या सर्जनच्या हाताखाली ते तयार झाले. १९३१ मध्ये बर्लिनमध्ये त्यांनी एका १२ वर्षांच्या मुलीचं एका बाजूचं फुप्फुस काढलं आणि ती मुलगी वाचली. वयाच्या पस्तिशीतच त्यांचं नाव झालं.

पण १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. निसेन ज्यू होते. ते जर्मनीतून बाहेर पडले. त्याच काळात अतातुर्क यांच्या तुर्कस्तानात विद्यापीठाची नव्यानं उभारणी सुरू होती. निसेन इस्तंबूलला सर्जरीचे प्रमुख झाले.

तिथं त्यांच्याकडं एक तरुण रुग्ण आला. त्याच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला अल्सर होता. निसेन यांनी तो भाग काढून अन्ननलिका जठराला जोडली. जोड उसवू नये म्हणून त्याभोवती जठराचीच घडी गुंडाळून टाके घातले. हेतू फक्त जोड सांभाळण्याचा होता. पण नंतर लक्षात आलं की या रुग्णाची जळजळही थांबली होती.

हे निसेन यांच्या डोक्यात राहिलं, पण त्यावर काम करायला बरीच वर्षं गेली. १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. जगात नाव असूनही तिथं परवान्यासाठी पुन्हा परीक्षा द्यावी लागली. १९४८ मध्ये ब्रुकलिनच्या हॉस्पिटलमध्ये त्यांच्यासमोर अल्बर्ट आइन्स्टाईन होते. पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीला पपनसाएवढा फुगा आला होता. तेव्हा कृत्रिम रक्तवाहिनी बसवायची सोय नव्हती. निसेन यांनी त्या फुग्याला सेलोफेन गुंडाळलं. आइन्स्टाईन त्यानंतर सहा वर्षांहून जास्त जगले.

१९५२ मध्ये निसेन स्वित्झर्लंडमधल्या बाझलला आले. १९५५ मध्ये इस्तंबूलची ती घडी त्यांनी मुद्दाम वापरली, यावेळी थेट ॲसिडिटीसाठी. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती पूर्ण गुंडाळायचा आणि टाके घालायचे. म्हणजे सैल पडलेल्या झडपेला बाहेरून आधार मिळतो. जठर भरून दाब वाढला की हा वेढाही आवळला जातो आणि ॲसिड वर येत नाही. १९५६ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. जगभर ती निसेन फंडोप्लिकेशन म्हणून ओळखली जाते.

त्रास नव्हता असं नाही. वेढा घट्ट झाला तर घास अडकतो, ढेकर येत नाही, पोट फुगतं. शिवाय पोटावर मोठा छेद लागायचा. निसेन १९८१ मध्ये गेले आणि १९९१ मध्ये हेच ऑपरेशन दुर्बिणीतून होऊ लागलं.

पुढची पायरी एंडोस्कोपची. २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं अशा एका उपकरणाला मान्यता दिली. रुग्णाला भूल देऊन ते एंडोस्कोपसोबत तोंडावाटे जठरात नेतात. आतूनच जठराची घडी घालून प्लॅस्टिकच्या बारीक टाक्यांनी ती पक्की करतात. वेढा पूर्ण नसतो, साधारण पाऊण असतो, त्यामुळं ढेकर अडकण्याचा त्रास कमी होतो.

पण हा उपचार सरसकट सगळ्यांसाठी नाही. जठराचा मोठा भाग छातीत सरकला असेल, म्हणजे मोठा हायटस हर्निया असेल, तर नुसत्या एंडोस्कोपनं भागत नाही. म्हणून आधी एंडोस्कोपी होते आणि ॲसिड खरंच किती वर येतं हेही मोजलं जातं. त्रास खरंच ॲसिडचा आहे की दुसऱ्या कशाचा, हे त्यातून कळतं. कारण जळजळ दुसऱ्याच कशानं होत असेल, तर निसेन यांचा वेढा कितीही नीट बसला तरी ती थांबणार नाही.