कृष्णाकाठचे यशवंतराव

सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरच्या परिसरात, कृष्णा आणि कोयना या दोन नद्या उगम पावतात. तेथे वर्षाकाठी सुमारे पाचशे सेंटीमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. परंतु पूर्वेकडे थोडे अंतर चालून गेले, की माण, खटाव, खानापूर, आटपाडी या तालुक्यांत जेमतेम पन्नास सेंटीमीटर पाऊस पडतो. कधी तोही पाठ फिरवितो. एकीकडे काठ सोडून गावात शिरणारे पाणी आणि दुसरीकडे घोटभर पाण्यासाठी मैलोगणती पायपीट, असे हे सातारा आणि सांगलीचे मुलूख आहेत. या दोन्ही टोकांचा अनुभव ज्यांच्या वाट्याला आला आणि ज्यांच्या हाती पुढे साऱ्या राज्याच्या पाण्याचा विचार आला, ते यशवंतराव बळवंतराव चव्हाण होत.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी, त्यांच्या आजोळी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. पुढे १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. देवराष्ट्रे आता त्या जिल्ह्यात आहे. गाव सागरेश्वराच्या डोंगराजवळचे आणि शेती पावसाच्या भरवशावरची. यशवंत लहान असतानाच प्लेगच्या साथीत त्याचे वडील वारले. आई विठाबाई लिहावाचावयास शिकलेल्या नव्हत्या. पण मुलांनी शिकावे, ही त्यांची जिद्द होती. काबाडकष्ट करून त्यांनी संसार सावरला आणि मुलांना कऱ्हाडच्या शाळेत घातले.

कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन एकमेकींना भेटतात. या जागेस प्रीतिसंगम म्हणतात. उन्हाळ्यात येथे वाळवंटात मुले खेळतात. श्रावणात तेच वाळवंट तांबड्या पाण्याखाली दिसेनासे होते. जवळच खोडशी येथे कृष्णेवर बंधारा घालून एकोणिसाव्या शतकात कालवा काढलेला होता. त्या कालव्याखालचे रान हिरवे आणि त्याच्या वरच्या अंगाचे रान कोरडे, हा भेद कोणाच्याही डोळ्यांत भरण्याजोगा होता. माती तीच, शेतकरी तेवढाच कष्टाळू. फरक केवळ पाण्याचा.

यशवंत टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना देशात स्वातंत्र्याचा लढा पेटला होता. २६ जानेवारी १९३२ रोजी शाळेच्या आवारात राष्ट्रध्वज फडकविल्याबद्दल त्यास अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगातून सुटल्यावर त्याने शिक्षण सोडले नाही. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून तो बी. ए. झाला व १९४१ साली पुण्यास कायद्याची पदवी घेतली. दुसऱ्या वर्षी वेणूताईंशी विवाह झाला आणि त्याच वर्षी 'छोडो भारत' आंदोलनात यशवंतराव भूमिगत झाले. १९४६ साली ते मुंबई विधानसभेवर निवडून आले. १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्याचे आणि १ मे १९६० रोजी नव्या महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले.

नव्या राज्यापुढे पाण्याचा प्रश्न उभा होता. नद्या अनेक होत्या. पण त्यांचे पाणी चार महिन्यांत वाहून जाई आणि उरलेले आठ महिने शेते तहानलेली राहत. राज्यात पाणी किती आहे, ते कोठे अडविता येईल, किती जमीन भिजेल, याचा नीट हिशेब मांडल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हते. म्हणून १९६० साली यशवंतरावांच्या शासनाने पाटबंधारे आयोग नेमला आणि स. गो. बर्वे या कर्तबगार प्रशासकास त्याचे अध्यक्ष केले. आयोगाने १९६२ साली आपला अहवाल सादर केला. इकडे कोयनेवर १०३ मीटर उंचीचे दगड व काँक्रीटचे धरण उभे राहत होते. त्याच्या जलाशयातील पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेस नेऊन पोफळी येथे वीज निर्माण करण्याची ती योजना होती. त्या जलाशयासाठी कोयनाकाठच्या अनेक गावांनी आपली घरेदारे व शेती सोडली, हेही विसरता येत नाही.

परंतु प्रत्येक ठिकाणी दगडाचे धरण बांधता येत नाही. पाया पक्क्या खडकाचा नसेल किंवा दरी फार रुंद असेल, तेथे मातीचे धरण सोयीचे पडते. त्याच्या मध्यभागी चिकण मातीचा गाभा असतो. तो पाणी अडवितो. गाभ्याच्या दोन्ही अंगांस मुरमाचा भराव असतो. तो गाभ्यास आधार देतो. हा भराव थराथराने टाकून, पाणी शिंपडून, रूळ फिरवून घट्ट करावा लागतो. लाटांनी माती खचू नये म्हणून पाण्याकडील उतारावर दगड बसवितात. आत झिरपलेले थोडेसे पाणी माती न वाहवता बाहेर जावे, म्हणून वाळूखडीची गाळणी ठेवतात. जादा पाण्यासाठी बाजूस पक्का सांडवा बांधतात. नीट बांधलेले असे धरण शतकभरही टिकते. मात्र पाणी त्याच्या माथ्यावरून वाहू लागले, तर ते माती कापत जाते आणि काही वेळातच धरणास खिंडार पडते.

नेमके हेच १२ जुलै १९६१ रोजी घडले. पुण्याच्या पश्चिमेस आंबी नदीवर पानशेत येथे मातीचे धरण बांधले जात होते. काम पुरे झाले नव्हते आणि पाणी सोडण्याच्या मोरीची व्यवस्थाही अपुरी होती; तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले. पाऊस थांबेना. मोरीवरचा भराव खचू लागला. वार्ता मिळताच लष्कराचे जवान धावले. त्यांनी भर पावसात, रात्रभर वाळूची पोती रचून खचणारा माथा सावरून धरला. त्या पोत्यांनी धरण वाचले नाही. परंतु काही तास लाभले. धरण मध्यरात्री फुटते, तर पुणेकरांवर झोपेतच पाण्याचा लोंढा कोसळला असता. ते सकाळी फुटले. पाण्याचा तो लोंढा खाली खडकवासल्याच्या जुन्या धरणावर आदळला आणि दुपारी तेही फुटले. मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. माणसे दगावली, हजारो घरे पडली आणि ज्या शहरावर पाणी कोसळले, त्याच शहरास प्यावयास पाणी उरले नाही. कारण पुण्याचे पाणी खडकवासल्याहूनच येत असे.

त्या वेळी राज्याचा कारभार यशवंतरावांच्या हाती होता. धरण शासनाचे होते. तेव्हा त्याची जबाबदारीही शासनावर होती. लोक दुःखी होते, तसेच संतप्तही होते. उद्ध्वस्त शहर पुन्हा उभे करण्याचे काम त्यांनी बर्वे यांच्याकडे सोपविले. बर्वे यांनी पुण्यात ठाण मांडले आणि निवारा, पाणी व साफसफाई यांची घडी बसविली. धरण का फुटले, याचा शोध घेण्यासाठी न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमण्यात आला. या आपत्तीमुळे धरणे बांधणेच सोडून द्यावे, असा मार्ग मात्र राज्याने पत्करला नाही. तहानलेल्या मुलखांना पाणी हवेच होते. पानशेतचे धरण पुढे पुन्हा बांधले गेले. खडकवासलाही दुरुस्त झाले.

१९६२ च्या नोव्हेंबरात चीनच्या आक्रमणाच्या वेळी यशवंतराव देशाचे संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. नंतर गृह, अर्थ व परराष्ट्र ही खातीही त्यांनी सांभाळली. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेच्या खोऱ्यात मोठा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले. धरणास तडे गेले, पण धरण उभे राहिले. पुढे ते अधिक भक्कम करण्यात आले. त्यानंतरच्या काळात वाईजवळ कृष्णेवर धोम आणि शिराळा तालुक्यात वारणेवर चांदोली, अशी मातीच्या भरावाची धरणे झाली आणि त्यांच्या पाण्याने हजारो शेते भिजली.

धरणाचे काम अवघड आहे, कारण त्याच्याकडून दोन उलट गोष्टी हव्या असतात. शेतीसाठी ते पावसाळ्याअखेर काठोकाठ भरलेले असावे लागते. पूर थोपविण्यासाठी मात्र पावसाळ्यात त्यात मोकळी जागा असावी लागते. पाणी केव्हा अडवावे व केव्हा सोडावे, हे ठरविणाऱ्याची नजर पावसावर, धरणावर आणि खालच्या गावांवर एकाच वेळी असावी लागते. २००५ आणि २०१९ साली कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा या गोष्टीचे महत्त्व साऱ्यांना पुन्हा पटले. धरणांची नियमित तपासणी व्हावी यासाठी २०२१ साली देशात धरण सुरक्षा कायदाही झाला.

यशवंतरावांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात आपले आत्मचरित्र लिहिले आणि त्यास 'कृष्णाकाठ' हे नाव दिले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर आहे. समाधीपाशी उभे राहिले, की दोन्ही नद्यांचे पाणी एक होऊन पूर्वेकडे वळताना दिसते. ते पाणी पुढे सांगलीकडे जाते. वाटेत ते शेतांना जीवन देते आणि कधी गावांवर संकट होऊन येते. पाणी अडविणे हे जितके मोठे काम, तितकेच अडविलेल्या पाण्याची रात्रंदिवस राखण करणे हेही मोठे काम आहे. ही राखण अभियंत्यांची, शासनाची आणि काठावर राहणाऱ्या प्रत्येक नागरिकाची आहे.